लाल की पांढरा

मास्तरांनी कपाटातून लाल झगा काढला तेव्हा मला वाटलं, त्यांची चूक झाली.

14 ऑगस्ट 1984, मंगळवार. बाहेर वसईचा पाऊस, वीज पहाटेच गेलेली, सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चच्या वस्त्रांच्या खोलीत, एक मेणबत्ती. मी अकरा वर्षांचा, साडेसहाच्या मिस्सेचा वेदीसेवक, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेला. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून चर्चची वस्त्रं, प्याले, मेणबत्त्या सांभाळत. चूक हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. तो बाकीच्यांचा प्रांत.

ज्यांना हे रंग माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हिरवा झगा साध्या दिवसांचा. जांभळा उपवासकाळाचा. पांढरा सणांचा, मरियामातेचा आणि आपल्या अंथरुणात मेलेल्या संतांचा. लाल उत्तम शुक्रवारचा, पवित्र आत्म्याच्या सणाचा आणि रक्तसाक्ष्यांचा. इतर मराठी माणसं ज्याला हुतात्मा म्हणतात त्याला आम्ही रक्तसाक्षी म्हणतो: ज्याने रक्ताने साक्ष दिली तो.

आम्हा पोरांना रक्तसाक्षी फार आवडत. चारच दिवसांपूर्वी संत लॉरेन्सचा दिवस झाला होता. त्यांना लोखंडी जाळीवर भाजल्याची कथा आम्ही चवीने ऐकायचो. सेबास्टियनच्या अंगातले बाण आम्ही मोजायचो. आणि गोन्सालो गार्सिया तर घरचाच माणूस. वसईत जन्मला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात, नागासाकीच्या टेकडीवर, आणखी 25 जणांबरोबर क्रुसावर टांगून भाल्यांनी भोसकला गेला. आमच्या मते संताला असंच मरण शोभतं.

"मास्तर, आज लाल? कोण मेलंय?"

"संत माक्सिमिलियन कोल्बे. गेल्या वर्षीच कॅलेंडरात आले. पण तेव्हा 14 तारखेला रविवार पडला, हिरव्यावरच भागलं. आज पहिल्यांदा त्यांचा लाल."

"गळा कापला?"

"नाही."

"गोळी?"

"नाही. रक्ताचा थेंबसुद्धा सांडला नाही त्यांचा."

"मग लाल का?"

मास्तरांनी झग्याची घडी झटकली. "घंटा दे आधी. उशीर होतोय."

मिस्साभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याला आणखी एक कारण होतं. आदल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत वर्गातल्या दोस्ताने मला पेचात टाकलं होतं. त्याचे लोक कोळीवाड्यातले. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला जायचे, नवसाचा बोकड द्यायचे. तो म्हणाला, "आम्ही आईला बोकड देतो. तुम्ही काय देता?"

मी छाती काढून म्हणालो, "आम्हाला काही द्यावं लागत नाही. आमच्या देवानेच दिलंय."

"काय?"

"रक्त."

"कुणाला?"

इथे माझं गाडं अडलं. देवाने रक्त दिलं ते कुणाला? स्वतःलाच? फादर प्याला वर उचलत होते, मी घंटी वाजवत होतो आणि डोक्यात तेवढाच एक शब्द घुमत होता: कुणाला?

चर्चमध्ये दहा-बारा माणसं असतील. शेवटच्या बाकावर, दाराशी, मास्तरांचा थोरला भाऊ बसलेला. तो नेहमी तिथेच बसायचा. पायाला वाडीची माती, शेजारी भाजीची रिकामी टोपली. दोघा भावांची घरं एकाच आवारात होती, विहीरही एकच. पण विहिरीच्या मोटरच्या पाळीवरून काहीतरी बिनसलं होतं आणि चार वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. हे साऱ्या आळीला माहीत होतं. मास्तर मिस्सा संपल्यावर बाजूच्या दाराने बाहेर पडत, थोरला मागच्या.

पाऊस थांबेना म्हणून मास्तरांनी मला घरी नेलं. ओट्यावर बसवलं, चहा दिला, बरोबर पाव. आणि मी न विचारताच सुरुवात केली.

"पोलंडमधला एक पोरगा. विणकराच्या घरातला, 1894 चा जन्म. तुझ्यासारखाच वात्रट. एकदा आई वैतागून म्हणाली, तुझं पुढे होणार तरी काय? पोराला ते लागलं. चर्चमध्ये जाऊन त्याने मरियामातेला तेच विचारलं. तिने म्हणे दोन मुकुट पुढे धरले, एक पांढरा, एक लाल. पांढरा निर्मळ जगण्याचा, लाल रक्तसाक्षीचा. कुठला हवा? पोरगा म्हणाला, दोन्ही."

"हावरट," मी म्हणालो.

"हावरटच. हे त्याच्या आईने सांगितलं, तो गेल्यावर."

पोरगा फ्रान्सिस्कन संन्यासी झाला. 1927 मध्ये वॉर्साजवळ न्येपोकालानुव नावाचा मठ उभारला. मठ कसला, छापखान्याचं गावच. तिथून निघणाऱ्या मासिकाचा खप दहा लाखांच्या घरात गेला होता. 1930 मध्ये तो जपानात गेला, आणि गेला कुठे, तर नागासाकीला. आपल्या गोन्सालोच्या गावी, असं मास्तर म्हणाले, जणू गोन्सालोने तिथे सासुरवाडी केली होती. सहा वर्षांनी परतला. मग युद्ध आलं.

इथे मला एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण मास्तरांना ती ठाऊक नसावी. मी नंतर वाचली. कोल्बेंच्या मठातून निघणाऱ्या छापील मजकुरात ज्यूंविरुद्धचं विषही होतं. आणि युद्ध पेटल्यावर त्याच मठाने शेकडो ज्यू निर्वासितांना आसरा दिला. दोन्ही खरं. संतांच्या गोष्टीतून पहिलं वाक्य गाळायची आपल्याला सवय असते. मला ते ठेवावंसं वाटतं. माणूस जन्मतः लाल मुकुट घालून येत नाही.

17 फेब्रुवारी 1941 ला जर्मनांनी त्यांना पकडलं आणि 28 मे रोजी ऑशविट्झच्या छळछावणीत आणलं. नाव गेलं, नंबर मिळाला: 16670.

"जुलैच्या अखेरीस त्यांच्या बराकीतला एक कैदी पळाला," मास्तर सांगत होते. "छावणीचा नियम असा की एक पळाला की दहा मरणार. भुकेने. अन्न नाही, पाणी नाही, तळघरात कोंडायचं. सगळ्यांना मैदानात उभं केलं, तासन् तास. फ्रिट्श नावाचा अधिकारी रांगेतून फिरत बोट दाखवत होता. हा. हा. तो. त्यात एक पोलिश सैनिक होता, फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक. त्याच्याकडे बोट आलं आणि त्याचा बांध फुटला. माझी बायको, माझी मुलं, म्हणून तो रडायला लागला."

मास्तर थांबले. पत्र्यावरून पाण्याच्या धारा पडत होत्या. आवारापलीकडे थोरला भाऊ भिजत केळीची पानं कापत होता.

"रांगेतून एक कैदी बाहेर आला. नुसतं रांग सोडणं म्हणजे जागच्या जागी गोळी. पण तो चालत फ्रिट्शपुढे गेला, टोपी काढली आणि म्हणाला, या माणसाच्या जागी मला पाठवा. मी कॅथलिक धर्मगुरू आहे. मला बायको-मुलं नाहीत, त्याला आहेत."

"मग?"

"फ्रिट्श कबूल झाला. का झाला, देव जाणे. गायोव्हनिचेकचा नंबर खोडला, 16670 लिहिला. नऊ आणि एक दहा, हिशेब पुरा."

तळघरातली कोठडी, क्रमांक 18, अकराव्या इमारतीत होती. तिथे दुभाष्याचं काम करणारा ब्रुनो बोर्गोव्हिएत्स नावाचा कैदी होता. तिथलं जे कळलं ते बरंचसं त्याच्या तोंडून. कोठडीतून सुरुवातीला प्रार्थना आणि गाणी ऐकू यायची. शेजारच्या कोठड्यांतले लोक सूर धरायचे. मग आवाज क्षीण होत गेले. दोन आठवड्यांनी चौघे जिवंत होते, शुद्धीवर एकटे कोल्बे. जागा दुसऱ्यांसाठी हवी होती, म्हणून 14 ऑगस्टला कार्बोलिक ॲसिडच्या सुया आणल्या. कोल्बेंनी आपणहून हात पुढे केला. बोर्गोव्हिएत्सला ते बघवेना, तो बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, देह भट्टीत जाळला. वय 47.

चहा गार झाला होता. मी माझा मुद्दा सोडला नव्हता.

"म्हणजे रक्त नाहीच."

"नाही."

"मग लाल का?"

"हे तू एकट्यानेच विचारलं नाहीस. रोममध्ये मोठमोठ्या विद्वानांनी यावर डोकी फोडली. 1971 मध्ये त्यांना धन्य घोषित केलं, ती संतपदाआधीची पायरी, तेव्हा पांढऱ्यातच धरलं. कारण रक्तसाक्षी कोण? ज्याला श्रद्धेच्या द्वेषाने मारलं तो. फ्रिट्शने कोल्बेंना कुठे बोलावलं होतं? हेच गेले. तज्ज्ञ म्हणाले, नियमात बसत नाही. मग उजाडलं 10 ऑक्टोबर 1982. संतपद द्यायचा दिवस. पोप जॉन पॉल दुसरे, स्वतः पोलंडचे. सगळे बघतायत, आता कुठल्या रंगात येणार? बाहेर आले ते लाल घालून."

"पण का?"

मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. ते उठले, आत गेले आणि चाळून चाळून सैल झालेलं पवित्र शास्त्र घेऊन आले. पण उघडलं नाही, मांडीवर ठेवलं.

"लेवीयच्या पुस्तकात मोशे सांगतो की प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो. म्हणून इस्राएल लोकांना रक्त खायची बंदी. मांस खा, रक्त नाही. ते वेदीपाशी ओतायचं किंवा मातीआड करायचं. का? देवाला तहान लागते म्हणून? स्तोत्रांत देवच विचारतो की मी काय बैलांचं मांस खातो, बोकडांचं रक्त पितो? रक्त वेदीशी जायचं कारण जीव मुळात त्याचा. रक्त म्हणजे जीव, बाळा. लाल पाणी नव्हे. मिसर देशातून निघायच्या रात्री घरोघरी कोकरू मारलं आणि रक्त दाराच्या चौकटीला लावलं, ती वल्हांडणाची गोष्ट तुला पाठ आहे. ते रक्त काय सांगत होतं? या घरात एक जीव आधीच गेलाय, दुसरा नको. आता ऑशविट्झच्या त्या रांगेकडे बघ. गायोव्हनिचेकच्या चौकटीला काय लागलं होतं?"

मी म्हणालो, "नंबर."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर वर्षभर त्यांनी माझा कान धरला नाही.

मग मी त्यांना दोस्ताचा प्रश्न सांगितला. बोकड आणि आमचं रक्त, आणि कुणाला. वाटलं होतं, ते त्याच्या बोकडाला नावं ठेवतील. नाही ठेवली. "आपण काय वेगळे?" म्हणाले. "बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतोच ना? माझा हात बरा कर, घे हा मेणाचा हात. माणूस घाबरलेला असतो, त्याला सौदा करावासा वाटतो. त्यात वाईट काही नाही. फक्त क्रुसावर जे झालं तो सौदा नव्हता."

पुढे कॉलेजात असताना मला कळलं की या एका वाक्यावर युरोपने शतकं खर्ची घातली. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अँसेल्मने मांडलं की पापाने माणसावर देवाच्या मानाचं ऋण चढलं, आणि ते फेडण्याइतकी ऐपत देव-मानव ख्रिस्ताशिवाय कुणाची नव्हती. थोड्याच काळाने पॅरिसच्या आबेलारने विचारलं की निष्पापाचं रक्त देवाला रुचेलच कसं. क्रूस बघून माणसाचं काळीज पालटतं, हेच खरं काम. चर्चने दोघांनाही पूर्ण हाकललं नाही. ऋणाची भाषा मलाही ओळखीची वाटते, आपल्याकडे देवाचं आणि आईबापांचं ऋण असतंच. पण त्या ओट्यावर पुढे जे बोलणं झालं, ते ऐकायला अँसेल्म आणि आबेलार दोघांनाही बसवायला हवं होतं.

मी विचारलं, "मग तो माणूस घरी गेला? मुलांना भेटला?"

मास्तर गप्प झाले. मांडीवरच्या पुस्तकाची कड नखाने सारखी करत राहिले.

"सुटला. घरी पोचला. बायको भेटली. मुलं नाही भेटली. दोन मुलगे होते, दोघेही 1945 मध्ये रशियन बॉम्बफेकीत गेले. बाप सुटून यायच्या आधीच."

माझ्या अकरा वर्षांच्या न्यायबुद्धीला हे सहन झालं नाही. ज्या मुलांसाठी बाप वाचवला ती मुलंच उरली नाहीत?

"म्हणजे फुकट गेलं!" मी ओरडलोच.

मास्तर बराच वेळ पावसाकडे बघत होते.

"फुकटच दिलं होतं रे," ते म्हणाले.

त्या वयात मला वाटलं, मास्तर शब्दाला शब्द लावतायत. मी पुढचा प्रश्न विचारला, मुलं विचारतात तसा, गोष्टीतला सुटा धागा ओढून.

"त्याने थँक यू म्हटलं का पण? त्या फादरना?"

"बोलायला कुठे मिळणार? बोललं तर मार. त्यांना नेत होते तेव्हा दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं. एवढंच. तोच सांगतो हे. तो आहे अजून. पोलंडमध्ये. ऐंशी उलटलीय. पोप लाल झग्यात बाहेर आले तेव्हा तो तिथे समोर होता."

गायोव्हनिचेक पुढेही साडेदहा वर्षं जगला. 1995 च्या मार्चमध्ये गेला तेव्हा 93 वर्षांचा होता. त्याने सांगून ठेवलंय की कितीतरी काळ त्याला अपराधी वाटत राहिलं. आपण वाचलो म्हणजे आपणच त्या माणसाच्या मरणावर सही केली, असं. मग तो बोलायला लागला. देशोदेशी जाऊन त्या मैदानावरची तीच काही मिनिटं पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शुभवर्तमानातला बरब्बा नावाचा कैदी असाच सुटतो, त्याच्या जागी येशू क्रुसावर जातो. पण गर्दीत शिरला की त्याचं पुढे काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. गायोव्हनिचेकचं मात्र सगळं कळतं. अनोळखी माणसाने दिलेली 53 वर्षं उशाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी उठून दाढी करायची, बाजारात जायचं. मला कोठडी क्रमांक 18 पेक्षा त्या सकाळी जास्त अवघड वाटतात.

ओट्यावर मास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "रोज भेटत असता, तर म्हणाला असता का, कुणास ठाऊक," ते म्हणाले. "रोज दिसणाऱ्या माणसाला थँक यू म्हणायचं राहून जातं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं तर केळीत कोणी नव्हतं. पानांचा भारा तेवढा बांधून ठेवलेला.

घरी गेल्यावर आईला सगळी गोष्ट सांगितली. गायोव्हनिचेकचं नाव मला उच्चारता येत नव्हतं, नंबर मात्र बरोबर सांगितला. शेवटचं वाक्य ऐकून आई भाकरी थापायची थांबली. मग तिने जे सांगितलं ते आळीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं, फक्त आम्हा मुलांना नव्हतं. मास्तरांचे वडील अचानक गेले तेव्हा थोरला सातवीत होता, वर्गात पहिला. फी एकाचीच भरता येणार होती. थोरल्याने दप्तर धाकट्याच्या गळ्यात अडकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबईला भाजी विकायला जाऊ लागला. धाकटा शिकला, मास्तर झाला. "एवढं करून," आई म्हणाली, "विहिरीच्या पाळीवरून भांडतायत." आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी 15 ऑगस्ट. मरियामातेचा सण आणि स्वातंत्र्यदिन, दोन्ही. चर्च खच्चून भरलेलं, आम्ही पोरं पांढऱ्या शर्टाला तिरंगी बिल्ला लावून, मिस्सेनंतर शाळेत झेंडावंदनाला पळायच्या तयारीत. मास्तरांनी पांढरा झगा बाहेर काढला. कालचा लाल खुंटीवर वाळत होता, पावसात लवकर वाळत नाही. ते काही बोलले नाहीत. माझ्या गळपट्टीची गाठ मात्र दोनदा सोडून दोनदा बांधली.

प्रवचन झालं. श्रद्धांगीकार झाला. अर्पणविधीची वेळ आली. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर न्यायचे, बाजूच्या मेजावरून कुपी उचलून माझ्या हातात द्यायच्या, आधी द्राक्षारसाची, मग पाण्याची, हे मास्तरांचं काम, वर्षानुवर्षांचं, घड्याळासारखं. गाणं सुरू झालं. मी हात पुढे करून उभा राहिलो. हातात काही आलं नाही.

मागे वळून पाहिलं. मास्तर मेजापाशी नव्हते. ते मधल्या वाटेने चालत निघाले होते, वेदीकडे नव्हे, दाराकडे. सणाची गर्दी, वाट काढायला वेळ लागत होता. बायका पदर सावरून सरकत होत्या, गाणाऱ्यांचा सूर जरा डगमगला. ते शेवटच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. तिथे काय बोलले, बोलले की नाही, मला वेदीपासून ऐकू येणं शक्य नव्हतं. एवढं दिसलं की थोरल्याने शेजारची टोपली उचलून खाली ठेवली आणि जागा केली.

फादर रिकामा प्याला धरून थांबले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन दोन्ही कुपी उचलल्या आणि घाईत आधी पाण्याची पुढे केली.